कन्हान-पिपरी : नदीचे नाव, रेल्वेचे गाव

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी इतवारी, कळमना आणि कामठी ही स्थानके मागे टाकते आणि काही क्षणांतच कन्हान नदीच्या पुलावर येते. पूल संपला की लगेच जे स्थानक लागते, ते कन्हान. बहुतेक जलद गाड्या येथे थांबत नाहीत. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला कोळशाच्या वाघिणी, एक फलाट आणि डावीकडे रामटेककडे वळणारे रूळ एवढेच काय ते दिसते. नागपूरपासून अवघ्या वीसेक किलोमीटरवर असलेल्या या गावाविषयी नागपूरकरांनाही फारसे काही सांगता येत नाही. मात्र शहरातील हजारो घरांच्या नळांना येणारे पाणी याच नदीतून उचललेले असते.

प्रशासकीयदृष्ट्या कन्हान हे नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्यात मोडते. पारशिवनी हे तालुक्याचे ठाणे उत्तरेला, पेंच नदीच्या खोऱ्यात असून तेथे आजवर रेल्वे पोहोचलेली नाही. तालुक्याचा हा भाग पूर्वी रामटेक तहसिलीत होता. तालुक्यातील सर्वांत मोठी वस्ती मात्र ठाण्याच्या गावी नाही, ती दक्षिण टोकाला कन्हान येथे आहे. अशी विसंगती विदर्भात अन्यत्रही आढळते. येथे तिचे कारण एका शब्दात सांगता येते : लोहमार्ग.

गावाचे नाव हाही याच कथेचा एक भाग आहे. कन्हान हे मुळात नदीचे नाव. सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावून ही नदी दक्षिणेकडे उतरते. कामठीच्या थोडे वर बिना येथे पेंच आणि कोलार या नद्या तिला मिळतात आणि पुढे आंभोरा येथे ती वैनगंगेत विलीन होते. रेल्वेने आपल्या स्थानकाला नदीचे नाव दिले आणि स्थानकाभोवती वाढलेल्या वस्तीलाही तेच चिकटले. महसुली गाव मात्र पिपरीच राहिले. म्हणूनच जनगणनेच्या याद्यांमध्ये ‘कन्हान (पिपरी)’ अशी कंसातली नोंद आढळते आणि नगरपरिषदेनेही ‘कन्हान-पिपरी’ असे जोडनाव घेतले आहे. ज्या गावाचे मूळ नाव कंसात गेले, त्याचा इतिहासही बराचसा दुसऱ्यांच्या इतिहासात, विशेषतः समोरच्या काठावरील कामठीच्या इतिहासात, शोधावा लागतो.

पैलतीरावरची छावणी

१८१६ साली नागपूरकर भोसल्यांना इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार करावा लागला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरच्या दरबारावर कंपनी सरकारची पकड पक्की बसली. फौज राजधानीपासून फार दूर नको आणि अगदी शहरातही नको, या हिशेबाने १८२१ मध्ये कन्हानच्या उजव्या तीरावर लष्करी छावणी वसविण्यात आली. तीच कामठी. ‘कॅम्प टी’वरून कामठी नाव पडले, अशी व्युत्पत्ती अनेक जण हौसेने सांगतात. तिला आख्यायिकेपलीकडे महत्त्व देण्याचे कारण नाही.

छावणीतील पलटणी मद्रास लष्कराच्या होत्या. त्यांच्यासोबत तमिळ आणि तेलुगू भाषक कुटुंबे आली. पाठोपाठ मारवाडी सावकार आणि धान्याचे व्यापारी आले, तसेच उत्तरेतून विणकर मुसलमान आले. रुंद सरळ रस्ते, तलाव आणि बागा असलेले हे गाव त्या काळच्या नागपूरपेक्षा अधिक आखीव होते. मिर्झापूरहून जबलपूर, सिवनीमार्गे दक्षिणेत उतरणारा मोठा रस्ता कामठीतून जात असे. सातपुड्याच्या पठारावरचे धान्य, गुरे आणि जंगलमाल बैलगाड्यांनी याच वाटेने येऊन येथील बाजारात उतरे. कन्हानवरचा दगडी पूल एकोणिसाव्या शतकात बांधला गेला, तो या वाहतुकीसाठी आणि अर्थातच फौजेसाठी.

त्या काळी पलीकडचा काठ म्हणजे पिपरी, कांद्री, टेकाडी अशी शेतकऱ्यांची लहान गावे होती. त्यांचा बाजार नदीपार कामठीलाच होता.

रूळ आले आणि बाजार गेला

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरला पोहोचली. छत्तीसगडचे धान्य या रुळांपर्यंत आणण्याची निकड १८७०च्या दशकातील दुष्काळांनी अधिकच जाणवून दिली आणि सरकारने नागपूर-छत्तीसगड रेल्वे बांधावयास घेतली. हा मार्ग मीटरगेज होता. १८८०च्या सुमारास तो तुमसरपर्यंत आणि १८८२ पर्यंत राजनांदगावपर्यंत गेला. कन्हान ओलांडणारे पहिले रूळ ते हेच. १८८७ मध्ये बेंगॉल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि १८९१ पर्यंत तो आसनसोलपर्यंत नेऊन भिडविला. नागपूर हे मुंबई आणि बंगाल यांना जोडणाऱ्या मार्गावरील नाके झाले.

दारात रेल्वे आली म्हणजे गावाची भरभराट होणार, असे आपण गृहीत धरतो. कामठीच्या बाबतीत नेमके उलटे घडले. बैलगाडीच्या युगात कामठी हा मुक्कामाचा टप्पा होता. माल येथे उतरे, विकला जाई, साठविला जाई. मीटरगेजचा माल ब्रॉडगेजवर चढविण्याची जागा मात्र नागपूर होती. त्यामुळे व्यापाऱ्याच्या दृष्टीने कामठीत माल उतरविण्याला अर्थच उरला नाही. गेज एक झाल्यावर तर कामठी हे वाटेवरचे एक स्थानक तेवढे राहिले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदिया-जबलपूर नॅरोगेज मार्ग आणि त्याच्या शाखा सुरू झाल्या. सिवनी आणि छिंदवाड्याकडचा माल त्या वाटेने वळला आणि कामठीचा उरलासुरला बाजारही ओसरला. त्यातच फौजेची संख्या कमी करण्यात आली.

हा बदल खानेसुमारीच्या आकड्यांत स्वच्छ दिसतो. १८८१ मध्ये छावणीसह कामठीची लोकसंख्या ५०,९८७ होती. १८९१ मध्ये ती ४३,१५९ झाली आणि १९०१ मध्ये ३८,८८८ इतकी खाली आली. वीस वर्षांत बारा हजारांहून अधिक माणसे, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, कमी झाली. दुष्काळ आणि साथींची ती वर्षे होती हे खरे. तथापि त्याच काळात नागपूर ९८,२९९ वरून १,२७,७३४ वर गेले होते. १८८१ मध्ये कामठी ही नागपूरच्या निम्म्याहून मोठी होती. १९०१ मध्ये ती नागपूरच्या एकतृतीयांशही उरली नाही. उपनगर हा शब्द तेव्हा रूढ नव्हता, पण कामठी नागपूरचे उपनगर झाली ती या वीस वर्षांत.

या रेल्वेने कामठीला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे नोकरी. बाबू हरदास लक्ष्मण नगराळे यांचे वडील रेल्वेत कारकून होते. १९०४ मध्ये कामठीत जन्मलेले हरदास विडी कामगारांच्या संघटनेत आणि डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत अग्रभागी राहिले. १९३७ मध्ये ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचे अकाली निधन झाले. त्यांची समाधी कन्हानच्या काठावर असून दर वर्षी तेथे अनुयायांचा मेळावा भरतो. एका लष्करी गावातल्या रेल्वे कारकुनाच्या घरात शिक्षण पोहोचले आणि त्यातून पुढे काय उभे राहिले, याचे हे उदाहरण आहे. लोकसंख्येच्या तक्त्यात ते दिसत नाही.

अलीकडचा काठ जागा होतो

कामठीचा बाजार ओसरत असताना पिपरीच्या बाजूला वेगळेच काही घडत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी रामटेकजवळ मनसर आणि परिसरात मँगनीजचे उत्खनन सुरू झाले. युरोपातील पोलाद कारखान्यांना हे खनिज हवे होते आणि ते बंदरापर्यंत नेण्यासाठी मुख्य लोहमार्गाला जोडणारा फाटा हवा होता. कन्हानहून रामटेकला जाणारी शाखा हे काम करू लागली आणि कन्हान हे जंक्शन झाले. कार्तिकी पौर्णिमेला आणि रामनवमीला रामाच्या गडावर जाणारे यात्रेकरूही हीच गाडी पकडू लागले. खनिज आणि भाविक एकाच रुळावरून, हे या शाखेचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

दगडी कोळशाची गोष्ट त्याहून जुनी आणि थोडी गमतीची आहे. भूशास्त्राच्या पुस्तकांत ‘कामठी’ हे एका वालुकाश्म-स्तराचे नाव आहे. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या या खडकांत झाडांच्या पानांचे ठसे सापडतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिलेवाडा, कामठी या भागातील दगडखाणींतून असे जीवाश्म गोळा केले होते. मात्र ज्या खडकाने कामठीचे नाव शास्त्रीय ग्रंथांत नेले, त्यानेच खालचा कोळसा दीर्घकाळ झाकून ठेवला. वालुकाश्म आणि नदीच्या गाळाखाली दडलेले हे कोळशाचे थर कन्हानपासून वायव्येला सावनेरच्या दिशेने पसरले आहेत. त्यावर मोठ्या प्रमाणात खाणी उभ्या राहिल्या त्या विसाव्या शतकात.

१९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि येथील खाणी पुढे वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे, म्हणजे या भागाच्या बोलीत ‘वेकोलि’कडे, आल्या. कामठी, इंदर, गोंडेगाव अशी या खाणींची नावे. कामठी नावाची खाण नदीच्या कन्हानकडच्या बाजूला आहे, हे नवख्या माणसाला कोड्यात टाकणारे आहे. १९७४ मध्ये कोराडीचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. खापरखेड्याचे केंद्रही जवळच. कोळशाला दारातच गिऱ्हाईक मिळाले. कांद्री, टेकाडी, गोंडेगाव या शेतकरी गावांच्या शेजारी कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. छत्तीसगड, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार अशा निरनिराळ्या मुलखांतून माणसे आली. कन्हानच्या बाजारात आजही मराठीइतकीच हिंदी ऐकू येते, त्याचे मूळ या पाळीवरच्या माणसांत आहे.

मँगनीज, कोळसा, वीज आणि रेल्वे या चारही गोष्टी हाताशी असल्यावर फेरोमँगनीजचा कारखाना येथे निघावा, यात नवल नव्हते. खंडेलवाल फेरो अलॉइज हा तो कारखाना. ब्रुक बॉण्डचाही कारखाना कन्हानला होता. एके काळी कन्हानमध्ये नोकरी म्हणजे खाण, कारखाना किंवा रेल्वे, असे समीकरण होते आणि मुलीकडच्या मंडळींना ते पसंत पडत असे. फेरोमँगनीजच्या भट्ट्या पुढे थंडावल्या. एखाद्या कारखान्याच्या भोंग्यावर ज्या वस्तीचे घड्याळ चालते, तेथे भोंगा बंद झाला म्हणजे काय होते, हे मुंबईच्या गिरणगावाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कन्हानविषयी तसे लिहिणारे फारसे कोणी झाले नाही.

माणसे किती आणि गाव कोणते?

लोकसंख्येच्या बाबतीत कन्हानची हकीकत कामठीच्या उलट आहे. कामठी ओहोटीला लागली ती आकड्यांत लगेच दिसली, कारण ती नोंदींत शहर म्हणून होती. कन्हान वाढले ते मात्र बराच काळ नोंदींत निरनिराळ्या गावांत विखुरले. पिपरीची माणसे पिपरीत मोजली गेली, कांद्रीची कांद्रीत, टेकाडीची टेकाडीत. रस्त्याने जाणाऱ्याला ही सारी एकच सलग वस्ती वाटते. दुकानांची रांग कोठे एका गावाची संपते आणि कोठे दुसऱ्याची सुरू होते, हे तेथील रहिवाशालाही विचार करून सांगावे लागते.

जनगणनेत ‘जनगणना शहर’ असा एक वर्ग आहे. किमान पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसांची घनता आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेर, या तीन कसोट्या उतरल्या की ती वस्ती मोजणीपुरती शहर ठरते. मोजणीपुरती, हे शब्द महत्त्वाचे. तेथे नगरपालिका असेलच असे नाही. कन्हान (पिपरी) हे अशाच शहरांपैकी एक होते. २००१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या वीस हजारांच्या वर नोंदली गेली. तालुक्याचे ठाणे असलेल्या पारशिवनीपेक्षा ती कितीतरी अधिक होती. तरीही कारभार ग्रामपंचायतीकडेच होता.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. शहरी दाटी, महामार्गाची वाहतूक, कोळशाची धूळ आणि सांडपाणी हे सारे शहराचे, पण ते निस्तरायला मिळणारे कर्मचारी आणि पैसा गावाचा. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार क-वर्ग नगरपरिषदेची लोकसंख्या साधारणपणे पंचवीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान धरली जाते. एकाच वस्तीचे तुकडे वेगवेगळ्या ग्रामपंचायतींत विभागलेले असले की ही पायरी गाठण्यास विलंब लागतो. कन्हान-पिपरीला नगरपरिषद मिळाली ती २०१० नंतरच्या दशकात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दर्जा किमान एक पिढी उशिरा आला.

समोरच्या कामठीचे आकडेही येथे पाहिले पाहिजेत. २००१ मध्ये कामठी नगरपरिषदेच्या हद्दीत ८४,३४० माणसे होती आणि २०११ मध्ये ८६,७९३. दहा वर्षांत वाढ तीन टक्क्यांहूनही कमी. याच दशकात नागपूर महानगरपालिकेची लोकसंख्या साडेवीस लाखांवरून चोवीस लाखांवर गेली. कामठीचे कॅन्टोन्मेंट वेगळे असून ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे केंद्र तेथे आहे. त्यामुळे गावाला एका बाजूने लष्कराची आणि दुसऱ्या बाजूने नदीची सीमा आहे, पसरायला जागा थोडी. नागपूरची वाढ मग नदीच्या अलीकडे-पलीकडे जेथे जागा सापडेल तेथे जाते.

कन्हान आणि कामठी यांच्यामध्ये फक्त एक नदी आहे, पण तीच तालुक्यांची सीमाही आहे. पूल ओलांडला की तहसील बदलते, नगरपरिषद बदलते. कन्हानच्या माणसाला तहसीलच्या कामासाठी उत्तरेला पारशिवनी गाठावी लागते, आणि नोकरी, महाविद्यालय वा दवाखान्यासाठी दक्षिणेला कामठी-नागपूर. ‘अप-डाऊन’ हा शब्द येथे क्रियापदासारखा वापरतात : ‘तो नागपूरला अप-डाऊन करतो’. रामटेकहून इतवारीला जाणारी पॅसेंजर गाडी हा अशा माणसांचा आधार राहिला आहे.

रेल्वेचाही कारभार दूरचाच. बेंगॉल नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारजमा झाली, १९५५ मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वे झाली आणि २००३ पासून हा मार्ग बिलासपूर मुख्यालय असलेल्या दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेकडे आहे. राजनांदगाव ते कळमना अशी तिसरी मार्गिका टाकण्याचे काम हाती घेण्यात आले, ते प्रामुख्याने या मार्गावरील मालवाहतुकीची दाटी पाहून. मार्गावर कोळशाच्या गाड्यांना किती महत्त्व आहे, हे पॅसेंजरची वाट पाहत फलाटावर उभ्या राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

नदी

अखेर ज्या नदीचे नाव गावाने घेतले तिच्याविषयी. कन्हानच्या पात्रातील विहिरींतून नागपूरला पाणी जाते. पात्रातील वाळू बांधकामाला जाते आणि भूमिगत खाणींतील पोकळ्या भरायलाही वापरली गेली आहे. वरच्या अंगाला पेंच नदीवर तोतलाडोह आणि पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरी येथे धरणे आहेत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस धरणांचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा पारशिवनी, कामठी आणि मौदा तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. कोराडी केंद्राची राख कोलार नदीतून कन्हानमध्ये उतरली आणि नागपूरच्या पाणीपुरवठ्याला त्याची झळ बसली. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली ती शहराच्या नळांच्या अंगाने. ज्यांच्या घाटावर ती राख साचली, त्या गावांची नावे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदांत आली.

जुन्या दगडी पुलाशेजारी अलीकडच्या काळात नवा पूल झाला आहे. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्यातील एक मार्गिका ऑटोमोटिव्ह चौकातून निघून कामठीतून जाते. लांबी सुमारे १३ किलोमीटर. तिच्या शेवटच्या स्थानकाचे नाव ‘कन्हान नदी’ असे आहे आणि ते नदीच्या कामठीकडच्या काठावर आहे.